अस्वलडबा: झाकण बसलं, आता भाकरी बसेना

झाकण टिकलं! अस्वलाला उघडता येऊ नये असा जेवणाचा डबा मी ट्रेकसाठी स्वतः करतोय, त्याचं हे झाकण. डबा आडवा पाडून तोंडापाशी सिमेंटची दोन पोती रचली, म्हणजे शंभर किलो, वर एक धट्टाकट्टा मित्र चढून नाचला, तरी झाकण जागचं हललं नाही. मागच्या नोंदीत हेच झाकण टुणकन उडालेलं वाचलं असेलच. तेव्हा वर चढलेला तोच होता आणि "काय बे, अस्वल तर लांबच, ह्याला शेळी पण उघडंल" असं म्हणाला होता. आज गप्प होता. तेवढ्यावरच निम्मे पैसे वसूल.

बेत तोच आहे. ऑक्टोबरात हिमाचलातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, तीर्थन खोरं, गुशैणीहून रोल्ला आणि तिथून वर तीर्थकडे. खाली जंगलात काळं अस्वल, वर कुरणांच्या पट्ट्यात तपकिरी, दोघांचंही हे घर. आणि हिवाळी झोपेआधी अंगावर चरबी चढवायची त्यांची घाई याच महिन्यात असते. भूक लागलेल्या जनावराच्या दारात शेंगाचटणी घेऊन जायचं म्हणजे डब्याचा विचार करावाच लागतो.

"डब्यापेक्षा जेवण झाडाला लोंबतं का नाही ठेवत?" हा प्रश्न पुन्हा आलाय, म्हणून एकदाच सांगतो. दोरीने फांदीला पिशवी टांगायची तर ती जमिनीपासून तीन-चार मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर तरी लांब हवी. हे कागदावर सोपं. देवदाराच्या उतरत्या फांदीवर अंधारात दोरी फेकून बघा. त्यात काळं अस्वल झाडावर सहज चढतं. आणि शेवटच्या मुक्कामाला झाडंच संपतात, मग टांगणार कशाला? बेअरव्हॉल्ट कंपनीचा मोठा तयार अस्वलडबा साडेअकरा लिटरचा आणि सव्वा किलोच्याही आत, माल उत्तम, पण बाहेरून मागवला की कस्टम आणि कुरियर मिळून कंबर मोडते. पिंपभर पाईप इथे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पडलेला असताना ते मनाला पटेना.

तर मूळ दुखणं. पाईप एचडीपीईचा, म्हणजे टणक पॉलिथिलीन प्लास्टिकचा, बाहेरून २०० मिमी, भिंत जवळजवळ ५ मिमी, म्हणजे आतून १९०. लांबी ३० सेंटीमीटर. बुडाला ८ मिमीची चकती बट वेल्डिंगने (दोन्ही कडा वितळवून, दाबून) बसवलेली, तिची काही तक्रार नाही. झाकणही ८ मिमीचंच, तोंडात बुडणारं, बाहेरून नखाला काही सापडू नये असं. झाकणावर तीन बोल्ट, त्यांच्या खाली स्टीलच्या जिभा. नाण्याने बोल्ट पाव फेरा फिरवला की जीभ भिंतीतल्या खाचेत शिरते. हाताच्या बोटांनी सोपं, पंजाला अशक्य. कल्पना माझी नाही, अमेरिकेतल्या जुन्या काळ्या डब्यांचीच आहे.

आता गंमत बघा. पाईप कधीच तंतोतंत गोल नसतो, त्यामुळे झाकण आत जायला चारी बाजूंनी ३ मिमी फट ठेवावी लागली. जीभ भिंतीत शिरते ५ मिमी, कारण भिंतच तेवढी. वरून वजन आलं की तोंड लंबगोल होतं: वरखाली दबतं, आडवं पसरतं, प्रत्येक बाजूला ३ मिमी धरा. झाकण फटीएवढं एका अंगाला सरकतं, आणखी ३. झाले ६. जीभ ५ची. एक जीभ सुटली की झाकण तिरकं होतं आणि उरलेल्या दोघी आपोआप बाहेर. जाड बोल्ट, लांब जीभ, रबरी वायसर, सगळं करून बघितलं. लांब जीभ तर भिंतीच्या बाहेर डोकावायला लागली, म्हणजे अस्वलाला हँडल करून दिल्यासारखंच.

ऑनलाइन मागवलेली तयार "हेवी ड्यूटी" लॅचेस याच काळात आली. पुठ्ठा जाड होता, लॅच नाही. नाव लिहीत नाही, पण फोटोत चकाकणाऱ्या हार्डवेअरवर विश्वास ठेवू नका. चाटी गल्लीच्या मागच्या एका दुकानात वजनावर मिळणाऱ्या एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलच्या पट्टीतून जिभा कापल्या, त्या अजून ठणठणीत आहेत.

उत्तर शेवटी त्याच पाईपच्या उरलेल्या तुकड्यात निघालं. अडीच सेंटीमीटर रुंदीची कडी, म्हणजे गोल वळं, कापली. तिचा घेर जसाच्या तसा आत जाणार नाही, म्हणून त्यातून जाडीच्या दुप्पट गुणिले पाय (π), म्हणजे सुमारे ३१ मिमीचा तुकडा काढून टाकला. मग कडी आवळून तोंडाच्या आत, काठापासून ८ मिमी खाली बसवली आणि वेल्ड केली. आता झाकण कडीवर टेकतं, काठाशी सपाट बसतं, आणि जिभा भिंतीत न शिरता कडीच्या खालून पकडतात. भिंतीतल्या खाचा गेल्या, पाणी आत यायचा रस्ताही गेला. खरा फायदा वेगळाच: तिथे भिंतीची जाडी दुप्पट झाली, आणि जाडी दुप्पट झाली की वाकण्याला विरोध आठपट होतो. शिवाय कडी बसवताना तोंड गोल करून घेता आलं, त्यामुळे फट ३वरून १ मिमीवर आली. तोंड लंबगोलच होत नाही, तर जीभ सुटेल कुठून?

एचडीपीईला गोंद, एम-सील, फेविक्विक, काही म्हणजे काही धरत नाही. वेल्डिंगशिवाय गत्यंतर नाही, आणि वेल्डिंगलाही एक अट आहे. अण्णा (वेल्डर, आमचे तेलुगू-मराठी-कन्नड एकाच वाक्यात बोलणारे) कडी हातात घेऊन म्हणाले, "ऊन लागलेला माल हाय, खरवडल्याबिगर चिकटत नाय." अंगणात पडून राहिलेल्या पाईपवर हवेने आणि उन्हाने एक मेलेली कातडी चढते. त्यांनी पत्र्याच्या धारेने ती खरवडली, पातळ काळ्या फिती वळत वळत पायाशी पडल्या, खालून तेलकट चमकणारा नवा काळा रंग निघाला. मगच गरम हवेची बंदूक आणि सळई. त्यांनी दिलेला वेल्ड मी छिन्नीने उकलायला बघितला; छिन्नी घसरली, वेल्ड तसाच. काम झाल्यावर "अस्वलाला डबा कशाला पायजे?" एवढंच विचारून चहा सांगितला.

हिशेब: वजन १.४ किलोच्या आसपास, आत आठ लिटर. बेअरव्हॉल्टच्या तुलनेत जड आणि लहान, मान्य. पण बसायला स्टूल झाला.

आणि आता भाकरी. कडक भाकरी न्यायची हे पहिल्या दिवसापासून ठरलंय, महिनाभर टिकते, शिजवायचं नाही, इंधन नाही. मावशींकडून खास १८ सेंटीमीटरच्या भाकऱ्या करून घेतल्या होत्या, १९च्या डब्यात थप्पी अशी सरळ उतरायची की बघत राहावं. कडी आली आणि तोंड १८ झालं. वेल्डचा ओघळ धरला तर त्याहून कमी. भाकरी तिरपी करून जात नाही, कारण ती तिरपी केली तरी तिची रुंदी तेवढीच राहते, आणि कडक असल्यामुळे ती वाकत नाही. मावशींना पुन्हा माप सांगायला गेलो तर म्हणाल्या, "अरे बाबा, भाकरी थापायची का शिवायची?" तरी १७ची स्टीलची ताटली त्यांच्याकडे ठेवून आलोय, थापली की तिच्यावरून सुरीने काठ कापायचे.

हे लिहिता लिहिता सुचलं: कडी आतून न लावता बाहेरून लावली तर? जाडी तितकीच वाढेल, तोंड १९चं १९ राहील, भाकरी जुन्या मापाची चालेल. पण जिभांच्या खाचा पुन्हा भिंतीत येतील, आणि बाहेर कंगोरा आला की दात आणि नखं अडकायला जागा मिळते, सगळा खेळच गुळगुळीत अंगाचा आहे. उतार देऊन तासली तर कदाचित. दुसरा डबा करायचा झाला तर करून बघेन, मित्रासाठी करायचा विचार होताच. या डब्यापुरती ताटलीच बरी.

हंपीजवळच्या दारोजीला अस्वलं बघायला गेलो होतो, तेव्हाचं इथे उपयोगी पडतं. तिथे १९९४पासून अभयारण्य आहे, संध्याकाळी खडकांवर गुळाचं मिश्रण फासतात आणि अस्वलं खडक चाटायला उतरतात. आपण मनोऱ्यावर, ती खाली. चाटून झाल्यावरही एक अस्वल त्याच खडकावर नाक घासत राहिलेलं तेव्हा पाहिलं होतं. म्हणून गूळपोळी यादीतून बाद. शेंगाचटणी राहिली, तेल न घातलेली, कोरडी, दुहेरी पिशवीत. मात्र पिशवी भरणारा हात वेगळा आणि बाहेरून धरणारा हात वेगळा, नाहीतर बाहेरच्या पिशवीलाच वास लागतो. डबा वास अडवत नाही, फक्त खाणं अडवतो. एकदा माणसाच्या जेवणाची चटक लागलेलं अस्वल पुढच्या तंबूलाही शोधतं, आणि शेवटी मरतं ते अस्वलच.

त्यामुळे त्रिकोण कायम: तंबू एकीकडे, चूल दुसरीकडे, डबा तिसरीकडे, तंबूपासून साठ-सत्तर मीटर तरी लांब. डबा बांधायचा नाही, दोरी म्हणजे पुन्हा हँडल. दरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला ठेवायचा नाही, कारण उघडला नाही की अस्वल तो लाथाडणार, आणि तीर्थन नदी माझा फराळ लारजीपर्यंत नेईल. टूथपेस्ट आणि साबणही डब्यातच, हे विसरणारे बरेच भेटलेत.

अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून पायाला घुंगरू बांधायची शिफारस कुणीतरी केली होती. माझं मत: मंदिरात ठीक. नदीच्या आवाजात घुंगरू ऐकूच येत नाहीत. वळणावर, दाट झाडीत, वाऱ्याच्या उलट चालताना माणसाचा आवाज हवा, आणि सोलापूरकराला मोठ्याने बोलायला शिकवावं लागत नाही. अस्वलाला पळवायच्या मिरचीच्या स्प्रेचा प्रश्न तसाच लटकलाय. विमानात तो हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. आम्ही कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत जाणार असल्याने विमानाचा अडथळा नाही, पण रेल्वेत आणि पार्कात काय चालतं ते परवान्याच्या वेळी साई रोपाच्या ऑफिसात विचारूनच घेणार.

उरलेली कामं: काळा डबा पहाटे काळ्या दगडांत सापडत नाही, म्हणून त्यावर रेडियमची पट्टी हवी. पण एचडीपीईवर पट्टीचाही गोंद धरत नाही, हे आत्ताच लिहिताना लक्षात आलं. बहुतेक उथळ खोबण कोरून त्यात पिवळी सळई वेल्ड करावी लागेल. अण्णांकडे पिवळी गॅसपाईप पडलेली पाहिली होती, तीही पॉलिथिलीनच. तिची सळई कापून चिकटते का, ते शनिवारी कळेल. कुणी करून बघितलं असेल तर त्याआधी सांगा.