माहिती चांगली होती, मग उडवली का?

तुम्ही विचारलंत म्हणून. खरं तर दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, आणि शब्दही बदलत नाहीत: "माहिती चांगली होती ना, मग उडवली का?" कॉलेजातल्या कार्यशाळेत विचारतात, विकिपीडियावरच्या माझ्या चर्चा पानावर, म्हणजे निरोपांच्या पानावर, तीन उद्गारचिन्हांसकट विचारतात, आणि परवा संकष्टीला भाच्याने मोदक खाता खाता विचारलं. त्याच्या मित्राने रात्र जागून विकिपीडियावर एका किल्ल्याचं पान "लिहिलं" होतं. सकाळी बघतो तर वर माझा साचा, म्हणजे 'हे पान काढावं' अशी तयार सूचना. मित्राने ते एका ट्रेकिंगच्या संकेतस्थळावरून उचललं होतं आणि खालचं 'आणखी वाचा' पुसायलाही विसरला होता. तरी प्रश्न मलाच.

पहिलं म्हणजे, पान मी उडवत नाही. मी प्रचालक, म्हणजे पानं काढायचा अधिकार असलेली सदस्य, नाही. मराठी विकिपीडियावर प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी 'अलीकडील बदल' चाळणारी आणि संशय आला की पान काढण्याची विनंती करणारा साचा लावणारी साधी सदस्य. दिवसा चिपळुणात एका पतसंस्थेत व्हाउचरं तपासते, रात्री हे. "काढायचा निर्णय प्रचालकांचा" हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. कोतवालाने "शिक्षा काय मी देतो?" म्हणावं, तसलंच ते आहे. मी साचा लावलेली पानं क्वचितच टिकली आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे.

दुसरं, "खाली नाव दिलं होतं की!" नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. विकिपीडियावर मजकूर प्रकाशित करताना आपण एक गोष्ट कबूल करतो आणि ती सहसा कुणी वाचत नाही: हे लिखाण कुणीही घ्यावं, बदलावं, छापून विकावंही, फक्त श्रेय द्यावं आणि पुढे तसंच मोकळं ठेवावं. दुसऱ्याचा मजकूर चिकटवणारा हे सगळं त्या दुसऱ्याच्या वतीने परस्पर कबूल करून बसतो. शेजाऱ्याची जमीन आपण तिसऱ्याच्या नावावर करून द्यावी आणि वर म्हणावं, सातबाऱ्यावर शेजाऱ्याचं नाव ठेवलंय की!

कायद्याचं गणित तसं अवघड नाही. १९५७चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा. लेखक गेल्यावर ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, २०११ उजाडलं आणि त्यांचं लिखाण मोकळं झालं. ज्ञानकोशकार केतकरांचं कधीचंच मोकळं आहे. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांची कविता अख्खी चिकटवता येत नाही, आणि दर २७ फेब्रुवारीला कुणाला तरी ती चिकटवायचीच असते. माहितीवर मालकी कुणाचीच नसते, मालकी असते ती मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयानेही १९७८मध्ये हेच सांगितलं. म्हणून माहिती घ्या, आपल्या शब्दांत लिहा. 'अतिशय'चं 'खूप' आणि 'बांधला'चं 'उभारला' केलं की शब्द आपले होतात, असं मात्र नाही.

इथवर बोलताना माझा आवाज चढलेला असतो. पुढचं सांगायची वेळ आली की मी चहा ठेवायला उठते.

"चोरीचं आहे हे ओळखता कसं?" असं फार कमी जण विचारतात. एक साधन आहे, ते पानातला मजकूर जालावरच्या मजकुराशी ताडून टक्केवारी काढून देतं. पानाचा इतिहास असतो, त्यात कुणी कधी किती भर घातली ते मिनिटासकट दिसतं. पण पहिला संशय मला येतो तो मराठीवरून. आमच्याकडची गावांची पानं 'हे एक गाव आहे' अशी सुरू होतात आणि 'येथे भातशेती केली जाते' अशी संपतात. त्यात एखादं वाक्य ताठ मानेने चालत आलं की मला वाटतं, हे इथलं नाही, हे कुठून तरी आणलंय. म्हणजे कुणी चांगलं लिहिलं असेल तर तोच माझ्याकडे त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा. कार्यशाळेत मी हे सांगत नाही.

२०२२च्या पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं नवं पान दिसलं. हिरव्या आकड्यात अधिक अकरा हजार बाइट, एकाच संपादनात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं, तेव्हा शब्द असतील सहाशेच्या आसपास, पण सगळे एका दमात. खातं त्याच संध्याकाळी उघडलेलं. मजकुरात शिमग्याची पालखी होती, बंद पडलेली भाताची गिरण होती, मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून बांधलेली शाळा होती. आणि हे वाक्य होतं: "गावात पावसाळ्याची सुट्टी शाळा देत नाही, पऱ्या देतो."

पऱ्या म्हणजे आमच्याकडचा पावसाळी ओढा. मी ते वाक्य दोनदा वाचलं. फार आवडलं. आणि अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाकलं. आवडणं आणि टाकणं यांत दहा सेकंदही गेले नसतील.

सापडलं. एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळावर, दोन वर्षं आधीचं, कुणा भलत्याच माणसाच्या नावाने, परिच्छेदच्या परिच्छेद तसेच. साधनाने नव्वदीच्या पुढची टक्केवारी दिली. मी साचा लावला, त्या सदस्याच्या चर्चा पानावर तयार संदेश डकवला ("आपण जोडलेला मजकूर प्रताधिकारित असल्याचे दिसते") आणि झोपले. सगळं मिळून चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही चर्चा पानावर नाही. ते पान त्यांना सापडलंच नसावं. त्यांनी लेखातच, माझ्या साच्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: "मी शिक्षक आहे. छत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, बघून लिहू नका. हा लेख माझा आहे." खाली नुसतं "आपला", पुढे नाव नाही.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला लगेच सुचलं असेल. मला तेव्हा एवढंच सुचलं की सगळे हेच म्हणतात. खरंच म्हणतात हो. एकाने तर शासनाचं गॅझेटियर स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्या त्या तीन ओळी लेखातून उचलून चर्चा पानावर ठेवल्या आणि खाली दुसरा तयार संदेश डकवला: लिखाण आपलेच असल्यास परवानगीचा ईमेल अमुक पत्त्यावर, अमुक नमुन्यात पाठवावा. त्यावर एकच ओळ आली. "माझं लिखाण वापरायची परवानगी मी मलाच द्यायची का?"

मी हसले. नवऱ्याला वाचूनही दाखवलं. उत्तर दिलं नाही. पाच दिवसांनी पान गेलं. ते खातं पुन्हा हललं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एका कर्जदाराच्या घराची पाहणी करायला मी त्याच गावात गेले. कर्जदार घरी नव्हता, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात थांबले. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा सांगितला. बोलता बोलता मी म्हटलं, तुमच्या गावाबद्दल काही छापलेलं आहे का? (हे मी कुठेही विचारते, खोड आहे.) त्यांनी कपाटातून शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली. १९९९ची. पान चौदावर तो लेख होता, माजी मुख्याध्यापकांच्या नावाने, आणि तिसऱ्या परिच्छेदात पऱ्या शाळेला सुट्टी देत होता.

बाई आपल्या सहज सांगत होत्या. गुरुजींकडच्या उरलेल्या प्रती चिपळूणला मुलाच्या दुकानात होत्या. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्यात सगळ्या गेल्या. आमच्या पतसंस्थेची खालची कपाटंही त्याच पाण्यात गेली होती, त्यामुळे कागदाच्या लगद्याचा तो वास मला कुणी सांगायला नको होता. शाळेतली ही एकच प्रत राहिली. मग गुरुजी चार दुपारी येऊन इथल्याच बाकावर बसले आणि मोबाईलमध्ये एका बोटाने सगळा लेख उतरवून घेतला. रेंज येते-जाते, म्हणून आधी नोंदींमध्ये लिहून ठेवला आणि मग एकदम टाकला. "इंटरनेटवर ठेवतो म्हणाले. तिथे भिजायची भीती नाही."

मी स्मरणिकेच्या त्या पानाचा फोटो काढला. चहा तसाच राहिला.

परतीच्या एसटीत मी पान परत आणायचं मनात पक्कं केलं होतं. कायदाही गुरुजींच्या बाजूने होता. लिखाणाचा पहिला मालक लेखकच, आणि लेखी करून दिल्याशिवाय तो हक्क स्मरणिकेच्या समितीकडे जात नाही. पण सावर्डे येईपर्यंत माझ्यातली व्हाउचर तपासणारी जागी झाली. ते खातं गुरुजींचंच होतं कशावरून? मुख्याध्यापिकाबाईंच्या चहावरून? माझा शब्द तिथे पुरावा होत नाही, होऊही नये, नाहीतर उद्या गॅझेटियरवाल्याच्या बाजूनेही कुणीतरी शब्द देईल. गुरुजींचा ईमेल लागणारच होता. म्हणजे तो दुसरा तयार संदेश चुकीचा नव्हता. हे मला अजून गिळता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

नंबर मिळाला होता, तरी नऊ दिवस फोन केला नाही. केला तेव्हा ते विरारला मुलीकडे होते. मी ओळख सांगितली.

"हां हां, त्या साचावाल्या."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. "तुमचं काम तुम्ही केलंत," म्हणाले. मी माफी मागितली, ती अर्धीअधिक लोकलच्या आवाजात गेली. मग ईमेलचं समजावून सांगितलं. "पाठवतो, नातीला सांगतो." आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "ताई, ज्यांनी तो स्वतःच्या नावावर छापलाय, त्यांचाही काढलात का हो?"

तो तिथेच आहे. मी संपादकांना दोन ईमेल पाठवले, स्मरणिकेच्या फोटोसकट. उत्तर नाही. माझा साचा फक्त विकिपीडियावर चालतो. तेव्हा ज्याने लिहिलं त्याचं पान निघालं, ज्याने उचललं त्याचं राहिलं, आणि निघालं ते उचलणाऱ्याच्याच पुराव्यावर. तारखा मी तपासल्या होत्या, असं मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं.

गुरुजींचा ईमेल आलेला नाही. आठवण करायचा मला धीर होत नाही. त्या गावाचं पान मी स्वतः नव्याने लिहिलं, २०११च्या जनगणनेचे आकडे घेऊन. 'हे रत्नागिरी जिल्ह्यातील एक गाव आहे' असं ते सुरू होतं. त्याच्यावर कुणी संशय घेणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग धडा घेतला ना? तेवढं सोपं नाही. २०१४ साली मी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, ठणकावून लिहिलं होतं, "शंका असेल तर मजकूर ठेवू नये." २०१४मधल्या त्या माझ्याशी मी अधूनमधून भांडते आणि बहुतेक वेळा तीच जिंकते. मागच्याच वर्षी एकाने स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकातून सतरा पानं ओळीने चिकटवली. तिथे मी "आपण शिक्षक आहात का?" असं विचारत बसायचं होतं? आम्ही रात्री जागणारे दोघं-तिघं. प्रत्येक पानामागे कुणाचा तरी पूर असेल असं धरून चालले तर सकाळी ऑफिस कोण गाठणार?

पण एक गोष्ट तिलाही बोलता येत नाही. २०११मध्ये माझं पहिलं पान होतं, ते मी वाचनालयात बसून विश्वकोशाच्या खंडातून जसंच्या तसं उतरवून आणलेलं. मला साचा लागला नव्हता. एका जुन्या सदस्याने स्वतःच्या शब्दांत सहा ओळी लिहिल्या होत्या, त्यात गाव कोणतं आणि कीबोर्ड कोणता वापरता हेही विचारलं होतं. तेव्हा पानं कमी येत, म्हणून त्यांना जमलं, असं मी म्हणते. खरंच कमी येत होती का, ते मी कधी मोजलेलं नाही. इतिहासात सगळं आहे, दोन तासांचं काम आहे.

सध्या एक पान माझ्यासमोर उघडं आहे. लोहाराच्या भात्याबद्दल. कातडं कसं कमवायचं, शिवण कुठे ठेवायची, वारा कसा बांधायचा. साडेआठ हजार बाइट, एका दमात, आणि मराठी असं की मी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. गूगलवर काही सापडत नाही, पण एखाद्या जुन्या छापील पुस्तकातलं असेल तर सापडणारही नाही. साचा लावलेला नाही. चर्चा पानावर विचारलंय, "हे तुम्हीच लिहिलंत का? हे काम कुठे शिकलात?" अकरा दिवस झाले, उत्तर नाही. पान अजून तसंच आहे.