कर्ता कोण, कर्म कुठलं

शुक्रवार, रात्री

रशियन शिकायला घेतलं की लोक आधी लिपीला घाबरतात. पण ती भीती लवकर जाते. तेहेतीस अक्षरं आहेत, रोज थोडी गिरवली की वाचता येतात. खरी कसोटी नंतर लागते. वाक्यातलं नाम कुठल्या भूमिकेत आहे त्याप्रमाणे त्याचं शेपूट बदलायला लागतं आणि मग समोर छापलेला शब्दही ओळखू येईनासा होतो. आज आम्ही तिथे पोचलो.

भाची यंदा मेडिकलसाठी रशियाला चालली आहे. शिकवणार इंग्रजीतून, त्यामुळे घरच्यांच्या मते रशियन थोडंफार आलं तरी चालेल. मला ते पटत नाही. पुस्तकं इंग्रजीत असतील, पण वॉर्डातली म्हातारी बाई कुठे दुखतंय ते रशियनमध्येच सांगणार. त्या बाईचं बोलणं भाचीला नीट कळलं पाहिजे. म्हणून ती संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी शिकतो. मी तिच्यापेक्षा जेमतेम थोडी पुढे आहे. तिचं गाव वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या अलीकडे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. माझ्या बहिणीचे सासरे येईल त्याला ते सांगतात आणि नातीकडे बघत राहतात.

आज तिने विचारलंच. "मावशी, मला रशियन शिकायचंय, तर तू परत परत इंग्रजीचं व्याकरण का काढतेस? त्या दोन भाषांचा काय संबंध?"

प्रश्न रास्त होता. रशियनमध्ये 'अ', 'ॲन', 'द' नाहीत. वर्तमानकाळात 'आहे' म्हणायला सहसा क्रियापद लागत नाही. 'एता मोय ब्रात' म्हणजे सरळ 'हा माझा भाऊ'. तीन लिंगं आहेत. 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. सहा विभक्त्या आहेत. हे सगळं इंग्रज माणसाला जड जातं, आपल्याला नाही. 'उ मिन्या येस्त क्नीगा', माझ्याकडे पुस्तक आहे. 'म्न्ये खोलदना', मला थंडी वाजतेय. 'या पिशू रूचकय', मी पेनाने लिहिते, आणि तो 'ने' तिथेही नामाला चिकटूनच येतो. 'मी टेबल बघते' पण 'मी भावाला बघते', निर्जीवाला प्रत्यय नाही आणि सजीवाला आहे, हा भेदसुद्धा रशियन पाळते: 'या वीझू स्तोल', पण 'या वीझू ब्राता'. इंग्रजी पाठ्यपुस्तकात या एका गोष्टीवर पानभर समजावणी होती. भाचीने दोन्ही वाक्यं मराठीत म्हणून बघितली आणि पान उलटलं.

मग इंग्रजी कशाला? कारण मराठी आपल्याला जिथे फसवते, नेमकं तिथे ते उपयोगी पडतं.

मी तिला दोन वाक्यं दिली. 'त्याने मला पाहिलं.' 'त्याने मला पुस्तक दिलं.' दोन्हींत 'मला'. आपल्या व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी अशी दोन नावं आहेत, पण 'ला' दोघींचा एकच, त्यामुळे बोलताना फरक कधी जाणवत नाही. रशियनला तो जाणवतो. पहिल्या वाक्यात 'मिन्या' येतं, दुसऱ्यात 'म्न्ये'. इथे मराठी कानावर भरवसा ठेवला तर निम्म्या वेळा चुकणार. इंग्रजीतही दोन्हीकडे 'me' हाच शब्द आहे, पण इंग्रजीच्या तासाला डायरेक्ट ऑब्जेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट हे दोन कप्पे करायला शिकवलेलं असतं. काय दिलं? पुस्तक. कोणाला दिलं? मला. हा प्रश्न विचारायची सवय ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला 'मिन्या' की 'म्न्ये' हे पाठ करावं लागत नाही.

दुसरी जागा याहून अवघड आहे, आणि आजची संध्याकाळ मुख्यतः तिच्यातच गेली.

भूतकाळ शिकताना मराठी माणूस हरखून जातो. 'ऑन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो.' तो आला, ती आली, ते आलं. तोच 'ल', तसंच लिंगाप्रमाणे वळण. भाची टाळ्या पिटायची बाकी होती. मग मी म्हटलं, आता 'तिने सफरचंद खाल्लं' सांग. तिने उत्साहाने 'अना स्येलो याब्लका' केलं. तिचं कारण अगदी शुद्ध मराठी होतं. सफरचंद नपुंसकलिंगी, म्हणून 'खाल्लं'. रशियन 'याब्लका'सुद्धा नपुंसकलिंगीच. पण बरोबर उत्तर आहे 'अना स्येला'. खाणारी बाई आहे, सफरचंदाचं लिंग काहीही असो.

आपल्याकडे 'ती आली' हा कर्तरी प्रयोग, 'तिने सफरचंद खाल्लं' हा कर्मणी. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की बहुधा ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. आपण हे श्वासासारखं सहज करतो, म्हणून करतोय हे आपल्याला माहीतच नसतं. रशियन क्रियापद कर्त्याला सोडत नाही. आणि क्रियापदाचं कर्त्याशी जुळणं ही गोष्ट आपण शाळेत कोणाकडून शिकलो? इंग्रजीकडून. 'शी ईट्स', 'दे ईट', त्या एका 'एस'साठी किती मार्क गेलेत प्रत्येकाचे! सब्जेक्ट शोधा, मग क्रियापद लावा. भाचीला मी तेच करायला लावलं. आधी वाक्य इंग्रजीत, सब्जेक्टखाली रेघ, मग रशियन. त्यानंतर तिचं एकही वाक्य चुकलं नाही. मला मनापासून आनंद झाला.

तिचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय. बोलते छान, पण वाक्य फोडून त्याचे भाग ओळखायला तिला कधी कोणी लावलं नव्हतं, आणि मराठी विभक्त्या तर आठवीनंतर सुटल्या. म्हणजे दोन भाषा येतात आणि दोन्हींचं व्याकरण हाताशी नाही. अशी मुलं मी ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं बघतेय आणि मला त्याचं वाईट वाटतं. हुशारी कमी नसते. वाक्याकडे बाहेरून बघायला कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच. आपली भाषा आपण आतून जगतो, तिच्याकडे बाहेरून बघणं सोपं नाही. इंग्रजी आपण परकी म्हणून, नियमांनी शिकलो, म्हणून ती नजर तिच्यामुळे येते. तिसरी भाषा शिकणाऱ्याने आधी थोडे दिवस इंग्रजीचे कर्ता, कर्म, काळ घासूनपुसून घ्यावेत असं मी आता ठामपणे सांगेन.

मात्र ते कुठे बाजूला ठेवायचं तेही कळायला हवं. 'आय लाइक' डोक्यात धरलं तर 'म्न्ये न्रावित्सा' कधीच बसणार नाही. इंग्रजीत 'मी' कर्ता, रशियनमध्ये आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण 'मला'. तिथे 'मला आवडतं' म्हणायचं आणि पुढे जायचं. तसंच 'चिताल' आणि 'प्रोचिताल'चं. पाठ्यपुस्तक त्यांना इंग्रजी काळांच्या खणात बसवू बघतं, पण नीट बसत नाही, कारण 'चिताल' म्हणजे वाचत होतो, वाचायचो, नुसतं वाचलं, असं काहीही होऊ शकतं. 'प्रोचिताल'मध्ये काम पुरं झालेलं आहे. मी तिला 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' असं सांगितलं. तेही पूर्ण जुळत नाही, पण इंग्रजीपेक्षा जवळचं आहे.

उद्या जाण्याची क्रियापदं. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं, आणि दोन्हींत पुन्हा, एकदा एका दिशेने जाणं आणि नेहमी येणं-जाणं वेगळं. इंग्रजीचं 'गो' इथे पुरत नाही, आपलं 'जाणं'ही नाही. मोठा तक्ता करावा लागेल. भाचीला सकाळी लवकर बोलावलंय, दुपारी तिला व्हिसाच्या कागदांसाठी जायचंय.