मेणवलीच्या घाटावरील झोप

नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहून आम्ही मेणवलीच्या घाटावर उतरलो, तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली, वसईच्या मोहिमेतून आलेली प्रचंड घंटा पाहण्यात बरोबरची मंडळी रमली. माझे चित्रकार स्नेही मात्र सावलीत कुशीवर झोपलेल्या एका वृद्ध गृहस्थांसमोर शाईची दौत उघडून बसले.

झोपलेला मनुष्य केव्हा कूस बदलेल याचा नेम नसतो आणि शाईची रेघ खोडता येत नाही, त्यामुळे पाहणे आणि काढणे यांत अंतर ठेवून चालत नाही. त्यांनी पाठीची रेषा कुंचल्याने एका दमात ओढली. खांद्यापाशी ती जाड आणि ओली आहे, कमरेकडे शाई संपत गेल्याने कोरडी, तुटक झाली आहे, आणि नेमक्या त्या तुटकपणामुळे पाठ श्वासाबरोबर हलत असल्याचा भास होतो. धोतरासाठी कागद कोराच सोडला आहे. मिटलेला डोळा म्हणजे जेमतेम एक रेघ. झोपेची खरी खूण चेहऱ्यात नसून भारात असते, असे मला ते चित्र पाहताना वाटले: कोपर आणि कंबर जेथे दगडाला टेकतात तेथे शाईचा एकेक ओला डाग आहे, जमीन म्हणून दुसरे काहीही काढलेले नाही, तरीही देहाचे सारे वजन फरशीवर उतरलेले जाणवते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटचे, सुमारे १६५४ मधील, झोपलेल्या तरुणीचे तपकिरी शाईतील चित्र आहे. ती त्याची सहचारिणी हेंड्रिक्ये स्टॉफेल्स असावी असे मानले जाते. जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या त्या कागदावर हातावर विसावलेले डोके आणि अंगावरचे सैल वस्त्र मोजक्या, रुंद फटकाऱ्यांत उतरले आहे. तुलना मोठी आहे, हे मी जाणतो. परंतु वस्त्राच्या चुण्यांपेक्षा त्याखालच्या सैलावलेल्या शरीराकडे लक्ष देण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

पावलांबाबत मात्र माझे समाधान झाले नाही. तेथे हात बिचकला असून बोटे सुटी सुटी, जागी वाटतात.

न विचारता चित्र काढल्याचा संकोच होता, म्हणून गृहस्थ उठताच आम्ही कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दूर धरून निरखला. “पटका झ्याक जमलाय,” ते म्हणाले, “पर ह्ये पाय काय माझं न्हाईत.”

चित्रकारांनी ते तत्काळ मान्य केले.