वाहून गेलेल्या गाईचा पुरावा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचे पाणी परंडा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत शिरले, तेव्हा चुलत्यांच्या गोठ्यात तीन दुभत्या गाई आणि एक कालवड होती. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी अंधारात विळ्याने दावी कापली. एक गाय आणि कालवड कशीबशी उंचवट्यावर चढली, उरलेल्या दोघी मात्र धारेला लागल्या आणि पुढे आठवडाभर काठाकाठाने शोधूनही त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

पिकाच्या मदतीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. जिरायती सोयाबीनला हेक्टरी ८,५०० रुपये ही रक्कम बियाणे, खत आणि फवारणीच्या खर्चापुढे अपुरी आहे, हे कोणीही शेतकरी सांगेल; पण पंचनामा झाला, यादीत नाव आले आणि पैसे खात्यावर जमा झाले. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये राज्य सरकारने दोन हेक्टरांची मर्यादा तीनपर्यंत वाढवली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये देण्याचे ठरवले, याचा लाभ वस्तीवरच्या बहुतेकांना झाला.

जनावरांच्या बाबतीत मात्र सारे प्रकरण पुराव्यापाशी येऊन अडले. आपत्ती निधीच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मिळतात. त्याच पॅकेजमध्ये तीन मोठ्या जनावरांची मर्यादाही काढून टाकण्यात आली आणि तो निर्णय योग्यच होता. परंतु पंचनाम्यासाठी आलेल्या पथकाचा पहिला प्रश्न होता, "मृत जनावर कुठे आहे?" जनावर दिसले तर शवविच्छेदन होणार आणि तो अहवाल जोडला तर प्रस्ताव पुढे जाणार. पुराने जे डोळ्यांदेखत ओढून नेले, ते दाखवायचे कोठून?

तेव्हा चुलतीने घरातून दूध संकलन केंद्राच्या पावत्यांचा जुडगा आणला. त्यांवर तारीख, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) अशी प्रत्येक वेळेची नोंद होती. पुराच्या आदल्या सायंकाळी २६ लिटर दूध घातलेले होते आणि केंद्र पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या पावतीवर ९ लिटरांचा आकडा होता. दोन गाई गेल्याचे यापेक्षा स्पष्ट सांगणारा दुसरा कागद आमच्याकडे नव्हता. पथकातल्या एका कर्मचाऱ्याने पावत्या आस्थेने चाळल्या, पण प्रस्तावाला जोडण्याची तरतूद नाही म्हणून परत दिल्या.

शेवटी एका गाईचे प्रकरण मंजूर झाले, कारण तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लसीकरणाच्या वेळी मालकाच्या नावासह नोंदवलेला होता. दुसरीचा बिल्ला उन्हाळ्यातच गव्हाणीत अडकून तुटला होता आणि नवा लावून घ्यायचे राहून गेले होते. तिचा प्रस्ताव नामंजूर झाला.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जनावर जिवंत असताना तयार झालेल्या नोंदी, म्हणजे बिल्ल्याचा क्रमांक, कृत्रिम रेतनाची नोंद आणि दुधाच्या पावत्या, या वाहून गेलेल्या जनावरासाठी पुरावा म्हणून लेखी आदेशाने ग्राह्य धराव्यात. कोणता कागद स्वीकारायचा हे पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या मर्जीवर राहू नये. दुसऱ्या गाईसाठी आम्ही फेरअर्ज केला आहे आणि या वेळी पूर्ण महिन्याच्या पावत्या, केंद्रचालकाच्या सहीशिक्क्यासह, सोबत जोडल्या आहेत.