तीनशे वीस पेशींचा वेल

एचआयव्हीवर पीएचडी करते म्हटलं की समोरच्याला वाटतं, मी विषाणू मारायला शिकतेय. माझी पहिली तीन वर्षं तो मोजण्यातच गेली, तेही झोपलेला असताना.

नियमित औषधं घेणाऱ्या माणसाच्या रक्तात नेहमीच्या तपासणीला विषाणू सापडत नाही. गोळ्या थांबल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत परत उगवतो. मधल्या काळात तो कुठे दडून बसतो, हे १९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं: निवांत पडलेल्या सीडी४ पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, डीएनएमध्ये. अशा दहा लाख पेशींमागे साधारण एकीतूनच जिवंत विषाणू बाहेर काढता येतो. हा साठा निम्म्यावर यायला सरासरी ४४ महिने लागतात, म्हणजे नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर तो संपायला ७० वर्षांहून जास्त. त्यामुळे साठ्यावरचं कुठलंही नवं औषध आलं की पहिला प्रश्न असतो, किती कमी झाला? ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

रक्त सकाळी यायचं. त्यातून निवांत सीडी४ पेशी वेगळ्या करेपर्यंत संध्याकाळ. मग त्या पाच-पाच पटींनी विरळ करत वेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत, टाकायच्या: दहा लाख, दोन लाख, चाळीस हजार, आठ हजार, सोळाशे, तीनशे वीस. पीएचए नावाचा पदार्थ घालून त्यांना जागं करायचं, आणि बाहेर पडलेल्या विषाणूला वाढायला निरोगी दात्याच्या पेशी द्यायच्या. दोन-तीन आठवडे मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलत राहायचं. शेवटी पी२४ची, म्हणजे विषाणूच्या एका प्रथिनाची, एलायझा ही रंगावरून कळणारी चाचणी. विषाणू असेल तर वेल आधी निळा होतो आणि आम्ल घातलं की पिवळा.

हे सगळं बीएसएल-३ मध्ये, म्हणजे घातक जंतूंसाठीच्या बंदिस्त प्रयोगशाळेत. दोन-दोन हातमोजे, मागून बांधायचा गाऊन, मास्क. आत काच नाही, सुई नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. पहिल्या महिन्यानंतर विषाणूची भीती गेली, उरली ती फक्त लघवीला लागण्याची. सगळं उतरवून बाहेर या, पुन्हा चढवून आत जा, यात अर्धा तास सहज जातो. म्हणून मी सकाळचा चहाच सोडला.

पहिल्या चार खेपांना एकही वेल पिवळा झाला नाही. पाचव्या खेपेला मात्र आम्ल घातलं आणि अख्खी प्लेट हळदीसारखी पिवळीधम्मक. तीनशे वीस पेशींचा वेलसुद्धा! मी फोटो काढून तशीच मॅडमकडे, माझ्या गाइडकडे, धावले.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "निगेटिव्ह कंट्रोल कुठंय?"

दात्याच्या पेशी कमी पडल्या होत्या, म्हणून त्या खेपेला मी तो, म्हणजे विषाणू नसलेला तुलनेचा वेल, गाळला होता.

"दहा वर्षं औषधं चालू आहेत ना या माणसाची? मग तीनशे पेशींत कसा सापडला? सीक्वेन्स करून आण, मग बोलू."

सगळ्या वेलमधलं एन्व्ह, म्हणजे विषाणूच्या आवरणाचं जनुक, अगदी एकसारखं निघालं. जुळलं ते एनएल४-३ या प्रयोगशाळेत बनवलेल्या विषाणूशी, म्हणजे चाचणी चालते का हे पाहायला मुद्दाम लावलेल्या आमच्याच पॉझिटिव्ह कंट्रोलशी. कंट्रोल आणि नमुने, दोन्हींना मी मीडियाची एकच बाटली वापरली होती. चूक सर्वस्वी माझी. तीन आठवडे आणि कुणीतरी दिलेलं १८० मिली रक्त ब्लीचमध्ये गेलं. मला रक्ताचंच जास्त लागलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पॅरिसची गोष्ट सांगितली. १९८३ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बारे-सिनूसी, माँतानिये आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. 'ब्रू' हे सांकेतिक नाव असलेल्या रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून. पुढे ब्रूच्या कल्चरमध्ये, म्हणजे त्याचा विषाणू वाढवत ठेवलेल्या पेशींत, दुसऱ्या एका रुग्णाचा, 'लाई'चा, विषाणू शिरला. तो भराभर वाढणारा, त्याने मूळ विषाणूला मागे टाकलं. तोच अमेरिकेत रॉबर्ट गॅलो या विषाणूतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्येही पोचला आणि शोध कुणाचा यावरून मोठा वाद पेटला. खरा प्रकार उलगडला १९९१ मध्ये.

"आणि एनएल४-३ कशापासून बनवलाय, माहितीये?" मॅडम म्हणाल्या. मला माहीत नव्हतं. दोन विषाणू जोडून, १९८६ मध्ये. त्यातला एन्व्हचा भाग लाईचा. म्हणजे पॅरिसचं कल्चर बिघडवणाऱ्याच्याच वंशजाने माझी प्लेट बिघडवली होती. घराणं मोठं होतं एकंदरीत.

त्यानंतर प्रत्येक नमुन्याची बाटली वेगळी, पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी आणि दुसऱ्या हूडमध्ये. आठव्या खेपेला दहा लाखांच्या सहा वेलपैकी दोन पिवळे झाले, तेही फिकट. फोटो काढलाच नाही. आधी सीक्वेन्स केला. एनएल४-३ नव्हता, पण दोन्ही वेलमधला क्रम तंतोतंत सारखा. पोटात गोळाच आला. एका वेलमधलं दुसऱ्यात सांडलं की काय?

"पेशी स्वतः विभागते तेव्हा आतल्या विषाणूचीही नक्कल होतेच ना," मॅडम म्हणाल्या. "एकाच पेशीची पिल्लं असतील. कंट्रोल दाखव."

या वेळी निगेटिव्ह कंट्रोलचे सहा वेल लावले होते. सहाही पाण्यासारखे स्वच्छ.