वीतभर न्यूयॉर्क

लेकीचं विमान मुंबईहून रात्री दीडचं, म्हणून आम्ही सांगली सकाळी अकरालाच सोडायची ठरवली. पेठ नाक्याला हायवे लागला की अर्धी वाट सरली असं वाटतं, ती आपली एक समजूत. पुढं कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, आणि पुण्याबाहेर ट्रकांच्या रांगेत खोळंबा. पावणेचारशे किलोमीटरला नऊ तास. तिथून न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर, न थांबता सोळा तास. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्या गाडीनं किती लागतील गं?"

हिशेब केला. साडेबारा दिवस, रात्रंदिवस चालवली तर. वाटेतल्या समुद्राचं त्यांना काही वाटलं नाही. गाडी जेवायला कुठं थांबणार, एवढंच त्यांनी विचारलं. उलटा हिशेब मी मनात ठेवला: विमानाच्या वेगानं सांगली-मुंबई जेमतेम अर्धा तास. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ होणार, हे कित्येक वर्षं ऐकतेय.

आदल्या रात्री माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला होता. मुंबईवर बोट ठेवून शिवणाचा दोरा न्यूयॉर्कला नेला. सैल होता तोवर तो अरबस्तान, युरोप करत अटलांटिकवर लोंबत होता. ताणला तसा आपसूक उत्तरेला सरकला. अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड, आणि ग्रीनलंडच्या शेपटाजवळून खाली. गोलावरची सगळ्यात जवळची वाट ही. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती उगाच वळसा घातल्यासारखी दिसते. दोरा मोजला तर भरला वीतभर.

विमान काही नेमकं दोऱ्यावरून जात नाही. कुठलं आकाश बंद आहे, वारा कसा आहे, ते बघून वाट ठरते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून, त्यामुळं परतीला तास-दीड तास वाचतो. माहेरी येताना वारा पाठीशी असतो, हे सासूबाईंना फार पटलं. भडंगाचा तिसरा पुडा त्यांनी तेवढ्यात बॅगेत सरकवला.

तिला सोडून साडेदहाला परत फिरलो. सकाळी आठला घरी. चहा टाकला.

"पोचली का गं?"

"अजून निम्मीसुद्धा गेली नाही, आई."

दिवसभर नुसतं घड्याळ. संध्याकाळी साडेपाचला फोनवर मेसेज आला: पोचले, इथं सकाळचे आठ वाजलेत. दीडला निघून आठला पोचली, म्हणजे घड्याळात साडेसहाच तास! ऑगस्टात तिकडचं घड्याळ आपल्यामागं साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा काढला.

"आठला तर तुम्ही आलात. मग दिवसभर मला का नाही सांगितलंत?"

मी पृथ्वीगोल पुन्हा खाली काढला.