तो केशव कशावरून?

देवळं पाहायला माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, आम्हाला तर सगळे विष्णू सारखेच दिसतात. हा केशव आणि तो नारायण, हे तुम्हाला कळतं कसं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मुकुट, चेहरा, दागिने सध्या बाजूला ठेवा. हात बघा. चार हात आणि चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म म्हणजे कमळ. सुरुवात देवाच्या उजव्या खालच्या हातापासून. आपण समोर उभे असतो, त्यामुळे तो आपल्या डावीकडे येतो. मग उजवा वरचा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. नजरेनं प्रदक्षिणा घालायची. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की केशव. शंख, पद्म, गदा, चक्र लागला की नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म म्हणजे माधव. चार वस्तू चार हातांत २४ प्रकारांनीच देता येतात, आणि नावंही बरोबर २४ आहेत. अग्निपुराणात या २४ मूर्तींचं स्तोत्रच आहे, आणि क्रम प्रदक्षिणेनं घ्यायचा हे त्यातच सांगितलंय. ग्रंथाग्रंथांत काही नावांची अदलाबदल होते, तेवढं लक्षात ठेवायला लागतं.

ही नावं मी पुस्तकातून शिकले नाही. आमचे आजोबा रोज सकाळी संध्या करायचे. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, या तीन नावांना पळीतलं पाणी प्यायचं आणि गोविंदाय नमः म्हणत हातावरून ताम्हनात सोडायचं. पुढची वीस नावं एका लयीत. मला कुणी संध्या शिकवली नाही, मुलींना शिकवत नसत. पण स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ नये म्हणून मला बसवलेलं असायचं आणि पलीकडून ती नावं कानावर पडत राहायची. कितीतरी वर्षांनी एका यादवकालीन देवळाच्या भिंतीपाशी उभी राहून मी पहिल्यांदा हात मोजले: पद्म, शंख, चक्र, गदा. आणि तोंडून आपोआप निघालं, "केशवाय नमः". आजोबा ज्याचं नाव घेऊन रोज पाणी प्यायचे तो इथे, दगडात, माझ्यासमोर उभा होता. त्या दिवशी मी रडले. देवळातला दगड आणि घरातलं ताम्हन एकच गोष्ट बोलतात, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"पण या वस्तूंचा अर्थ काय?" हा त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न. विष्णुपुराणात त्याचं थेट उत्तर आहे. गदा म्हणजे बुद्धी. चक्र म्हणजे मन, कारण ते वाऱ्यालाही मागे टाकतं. शंख म्हणजे अहंकार, ज्यातून पंचमहाभूतं निपजतात तो. या चार वस्तूंत नसलेल्या विष्णूच्या तलवारीचाही अर्थ तिथे आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो तोच: तलवार म्हणजे विद्या आणि तिचं म्यान म्हणजे अविद्या. ज्या हातानं मन फिरतं ठेवायचं त्याच देहावर बुद्धीही तोलून धरायची, असा विचार करून ज्यांनी मूर्ती घडवली त्यांना आपण नुसते 'कारागीर' म्हणून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

कोल्हापूरच्या अंबाबाईचे हात याच पद्धतीनं वाचा. म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), गदा, ढाल, पानपात्र (पिण्याचं भांडं). देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात हीच चार नावं याच क्रमानं येतात, आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी असल्याचंही तिथेच आहे. लक्ष्मीच्या हातात असतं ते कमळ इथे नाही. ती विष्णुपत्नी की आदिशक्ती, हा वाद घालण्याआधी निदान तिचे हात तरी पाहावेत, एवढंच माझं म्हणणं.

मराठवाड्यातल्या एका गावात पारावर पिंपळाला टेकवलेली एक मूर्ती आहे. उजवा खालचा हात मनगटापासून तुटलेला. वर शंख, चक्र, खाली गदा. तीन कळले की चौथा सांगावाच लागत नाही: गेला तो पद्माचा हात. केशवच. दोन हात गेले असते तर मी दोन नावांत अडकले असते. रोज तिथे पाणी घालणाऱ्या आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आम्ही नुसतं देव म्हणतो, बाई." आणि जास्वंदीचं फूल पायावरून उचलून तुटक्या मनगटाशी ठेवलं.

दोन वर्षांनी परत गेले तेव्हा मूर्तीला चकचकीत ऑइलपेंट दिलेला होता. प्रेमानंच दिला होता, कुणालाही बोल लावता येईना. पण शंखाचा पीळ बुजला होता, चक्राच्या कडेच्या ज्वाळा सपाट झाल्या होत्या. रंग द्यायची गावात चर्चा निघाली, तर कृपा करून हात तरी सोडा म्हणावं.

तुम्ही जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका. बाजूनं, मूर्तीला जवळजवळ लावून धरा. झिजलेलं कमळ आणि झिजलेलं चक्र लांबून दोन्ही गोल तबकडीसारखीच दिसतात, पण तिरप्या उजेडात पाकळ्यांच्या रेघा आधी सावली धरतात. घाई करू नका. उजव्या खालच्या हातापासून सुरू करा.